डोंबिवलीत जप्त केलेला रिसीव्हर

नोकरीतल्या बऱ्याच गुन्ह्यांचे तपशील आता पुसट झाले आहेत. कलमं आठवतात, माणसं आठवत नाहीत. हे एक प्रकरण मात्र संपूर्ण लक्षात राहिलं आहे. गुन्हा उघडकीस आला, वरिष्ठांनी बक्षीसही दिलं, तरी ते मी अभिमानाने कधी कुणाला सांगितलं नाही.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. मी ठाण्यात फौजदार होतो. वर्तकनगरच्या एका वसाहतीतून घरफोडीची तक्रार आली. तक्रारदार आखातातून परतलेले गृहस्थ. कुटुंबासह गावी गेले होते, परत आले तर कॅमेरा आणि जपानी स्टिरिओ रिसीव्हर गायब. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, ज्यात रेडिओ आणि अॅम्प्लिफायर एकाच पेटीत असतात त्याला रिसीव्हर म्हणतात. रेकॉर्ड प्लेअर त्याला जोडला तरच स्पीकरमधून आवाज येतो. कुलूप तुटलेलं नव्हतं. पावती तक्रारदाराकडे नव्हती, सेटचा नंबरही ठाऊक नव्हता. कंपनी आणि मॉडेल तेवढं पाठ होतं. जबाबात त्यांनी असंही सांगितलं की इथे आल्यावर तो सेट सरळ भिंतीतल्या प्लगला लावला, काही बदल करावा लागला नाही. मी ते लिहून घेतलं आणि विसरलो.

आठवड्याने माजिवड्याच्या नाक्यावरचा आमचा एक खबरी आला. म्हणाला, "साहेब, डोंबिवलीत एक रेडिओवाला आहे. फॉरेनचा माल स्वस्तात काढतोय. परवाच एका म्हाताऱ्याला तुम्ही शोधताय तसलाच सेट विकलान."

तिथल्या पोलीस ठाण्यात नोंद करून आम्ही आधी त्या म्हाताऱ्याच्या घरी गेलो. ते चित्रकलेचे निवृत्त शिक्षक होते. त्यांना मी इथे गुरुजी म्हणतो. दोन खोल्यांचं घर, पहिला मजला. बाहेरच्या खोलीत पलंगावर त्यांची पत्नी पडून होती. अर्धांगवायूने उजवी बाजू गेलेली, वाचाही गेलेली. शेजारी टेबलावर रेकॉर्ड प्लेअर आणि तो रिसीव्हर. आम्ही आत शिरलो तेव्हा रेकॉर्ड चालू होती. मी ती बंद करायला लावली.

गुरुजींनी शांतपणे सगळं सांगितलं. पत्नी शाळेत गाणं शिकवायची. रेकॉर्ड प्लेअर तिचाच, पहिल्या पगारांतून घेतलेला. जुना अॅम्प्लिफायर मोडला आणि घर गप्प झालं. नवीन घेणं पेन्शनमध्ये बसत नव्हतं, म्हणून ते मेकॅनिककडे फेऱ्या घालू लागले. त्याच्याकडे जुने तीन सेट होते. एकाची एकच बाजू वाजत होती, तो बाद. दुसरा मोठा, दिव्यांचा, हलत्या काट्याचा, बघताक्षणी आवडेल असा. तिसरा हा, लहान.

"मेकॅनिक म्हणाला, गुरुजी, मोठ्याच्या दिव्यांना भुलू नका. खोली दहा बाय बाराची, एवढी ताकद काय करायची? रेकॉर्ड प्लेअरसाठी फोनोची जोडणी चांगली हवी. सुई खाली ठेवण्याआधी आवाज वाढवायचा आणि कान द्यायचा. मोठा घरघरतो. आवाजाचं बटणही खरखरतं. मी म्हटलं, ऐकणार आमची ही, मी कोण ठरवणार? तर तो दोन्ही सेट रिक्षात घालून इथे घेऊन आला. तिची रेकॉर्ड दोन्हींवर लावली. मोठ्यावर लावली तेव्हा हिने कपाळाला आठ्या घातल्या. ह्याच्यावर लावली आणि हिचा डावा हात चादरीवर ताल धरायला लागला. आठ महिन्यांत पहिल्यांदा."

लेखनिक लिहू लागला तसं मी त्याला थांबवलं. "हे नको. तपासाशी संबंध नाही."

पंचनामा केला. सेटच्या मागच्या पट्टीवरची इंग्रजी अक्षरं आणि आकडे मी स्वतः जसेच्या तसे उतरवले. हवालदाराने वायर गुंडाळली. गुरुजी पुढे झाले. "साहेब, खाली तो लोखंडी डबा आहे, तोही..."

"विचारलं तेवढंच बोला," मी म्हणालो.

पलंगावरून बाई माझ्याकडे बघत होत्या. मी दुसरीकडे पाहिलं.

मेकॅनिकला त्याच दुपारी दुकानातून उचललं. गल्लीतली माणसं बघत होती. आमच्या पोलीस ठाण्यात आणल्यावर तो एकच सांगत राहिला. "साहेब, तो सेट अमेरिकेचा आहे. आमच्याच गल्लीतल्या एका घरातला. मुलाने तिकडून पाठवलेला. ते लोक परत मुलाकडे गेले, जाताना मला देऊन गेले. मीच आणायला गेलेलो."

"पत्ता?"

"तिकडचा कसा असणार माझ्याकडे?"

"सगळे असंच सांगतात."

मी हात उचलला नाही. हवालदाराने उचलला तेव्हा मी कागद चाळत राहिलो. हे इथे लिहायलाच हवं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तक्रारदाराला ओळख पटवायला बोलावलं. त्यांनी सेटभोवती एक चक्कर मारली. "हाच माझा. शंभर टक्के."

"चालू आहे का बघू," असं म्हणत मी वायर घेतली आणि टेबलाजवळच्या प्लगला लावली.

कोठडीतून मेकॅनिक ओरडला, "साहेब, डायरेक्ट लावू नका! डबा कुठाय?"

मी तोवर बटण दाबलं होतं. आतून गुरगुरल्यासारखा आवाज झाला, झाकणाच्या फटींतून धूर आला आणि जळक्या वार्निशचा वास खोलीभर पसरला. कुणीतरी प्लग ओढला.

मेकॅनिक गजांना धरून उभा होता. आदल्या दिवशी मार खाताना रडला नव्हता, आता रडतच बोलू लागला. "जाळलात ना साहेब. एकशेवीसचा सेट तो. अमेरिकेत वीज तेवढीच असते. इथली जवळपास दुप्पट, मधे डबा लावून उतरवायला लागते. म्हणून तर स्वस्त पडला गुरुजींना, दुसरं कोण घेत नाय हे सेट. मला वाटलं डबा पण आणला असाल."

मी पंचनामा काढला. माझ्याच अक्षरात मागच्या पट्टीवरची ओळ होती: १२० व्होल्ट. आणि तक्रारदाराने स्वतःच्या जबाबात सांगितलं होतं की त्यांचा सेट सरळ प्लगवर चालायचा. दोन्ही कागद एकाच फायलीत होते. मेकॅनिक निर्दोष होता याचा पुरावा मी आदल्या दिवशीच गोळा केला होता, फक्त वाचला नव्हता.

त्याला बाहेर काढलं, चहा मागवला. त्याने चहाला हात लावला नाही. मी विचारलं, "असाच दुसरा सेट कुणी विकायला आणला होता का?"

"एक जण आलेला विचारायला. दिवा स्टेशनजवळ राहतो म्हणाला. मी बोललो, बिल आण मग बघू. तो परत नाय आला. बहिणीच्या घरचा सेट आहे म्हणत होता."

तिथे तक्रारदाराचा चेहरा उतरला. त्यांचा मेहुणा दिव्यालाच राहत होता आणि ते गावी असताना कुंड्यांना पाणी घालायला घराची किल्ली त्याच्याकडेच होती. संध्याकाळपर्यंत त्याच्या खोलीतून चादरीत गुंडाळलेला सेट आणि कॅमेरा मिळाला. मागच्या पट्टीजवळ व्होल्ट बदलण्याची कळ होती, २२० वर लावलेली. मेहुण्याने फार आढेवेढे न घेता कबुली दिली.

इतक्यावर थांबलो असतो तरी चूक एवढंच म्हणता आलं असतं. पण मुद्देमाल जळला कसा, याचं उत्तर कागदावर द्यावं लागणार होतं. मी स्टेशन डायरीत लिहिलं, "सेट जप्तीच्या वेळी नादुरुस्त." सगळ्यांनी ते पाहिलं आणि जो तो आपल्या कामाला लागला. मेकॅनिकने हरकत घेणं तर शक्यच नव्हतं, त्याला परत आत जायचं नव्हतं.

कोर्टाचा आदेश येऊन सेट परत द्यायला अडीच महिने लागले. मी पाठपुरावा केला असता तर लवकर झालं असतं. आधी बंदोबस्त, मग एक खुनाचा तपास, ही कारणं खरीच होती.

गुरुजी एकटेच आले. पावतीवर तेच वाक्य होतं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

"साहेब, तुम्ही घरात आलात तेव्हा हा वाजत होता. तुम्हीच बंद करायला लावलात."

मी म्हणालो, "नुसती पोच आहे, गुरुजी. फॉरमॅट असतो."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. रागाने बघितलं असतं तर मला बरं वाटलं असतं. मग म्हणाले, "सही कुठे करायची? ती घरी एकटी आहे." सही चित्रकाराची होती, देखणी. सेट हवालदाराने रिक्षात ठेवून दिला.

पुढच्या वर्षी कामानिमित्त डोंबिवलीला गेलो तेव्हा मुद्दाम मेकॅनिकच्या दुकानात डोकावलो. दुकान छोटं झालं होतं, आता तो पंखे, मिक्सर दुरुस्त करत होता. लोक जुने सेट त्याच्याकडून घेईनासे झाले होते. पोलिसांनी नेलेला माणूस, एवढं पुरलं. मी गुरुजींच्या सेटची चौकशी केली.

"ट्रान्सफॉर्मर पूर्ण गेलेला. मी जळकी तार काढून नवी वाइंड करून बघितली, दोनदा. नाय जमलं. तो मोठा सेट फुकट देतो म्हटलं, तर गुरुजी बोलले, तिला तो आवडला नव्हता."

मी चाचरत म्हणालो, "तसाच लहान दुसरा कुठे मिळतो का बघ. पैसे मी देतो. माझं नाव सांगू नकोस."

त्याने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "बाई दिवाळीच्या आधीच गेल्या, साहेब."

मी दुकानातून निघालो. गुरुजींच्या घराच्या गल्लीपर्यंत गेलो आणि जिना न चढता परत फिरलो.

नव्या अधिकाऱ्यांना व्याख्यानं द्यायला मला अधूनमधून बोलावतात. तिथे मी सांगतो की समोरचा माणूस काही सांगू लागला तर त्याला अडवू नका, आणि स्वतः लिहिलेला पंचनामा दोनदा वाचा. मुलं वहीत लिहून घेतात. मी तिथे जे सांगत नाही ते इथे सांगतो. सेट जळला तो अज्ञानाने. ती डायरीतली ओळ मी समजून उमजून लिहिली. "सेट माझ्या हातून जळला" असं लिहिलं असतं तर फार तर एक मेमो मिळाला असता, आणि गुरुजींना त्या दिवशी खोट्याखाली सही करावी लागली नसती.