पाणमांजराविरुद्ध तांडेल मामांचे अर्ज

किस्से काही कुणी मुद्दाम जमवत नाही. ते ऑफिसातल्या फायलींसारखे आपले आपण साठत जातात. फरक एवढाच, की त्यांना वाळवी लागत नाही. आमच्या कक्षातली आम्ही उरलेली मंडळी अजूनही वाशीला कुणाच्या ना कुणाच्या घरी जमतो. चहा गाळून व्हायच्या आत कदम सुरू करतो, "बाई, ते घुबडाचं आठवतं का?" आठवतं की! दर वेळी हाच माणूस आठवण करून देतो, विसरायला सवड कुठे?

गोष्ट ऐंशी सालानंतरची. बेलापूरला नव्या इमारती उठत होत्या. आमच्या इमारतीत लिफ्टची जागा होती, लिफ्ट नव्हती. तिसऱ्या मजल्यावर आमची पाटी, 'जलद छाननी कक्ष'. कुणाला गोडाऊन बांधायचंय, भराव टाकायचाय, खडी फोडायचीय, तर त्या जागी दुर्मिळ प्राणी-पक्षी आहेत का ते आम्ही बघायचं. तेही सात दिवसांत! सातव्या दिवशी पाच वाजेपर्यंत आमचा शेरा गेला नाही, तर हरकत नाही असं धरून काम सुरू.

माणसं चार. सोहोनी साहेब पुण्याचे, प्राणिशास्त्र शिकलेले, आणि इतके सरळ की रिकामा जिनासुद्धा डाव्या बाजूने उतरायचे. कदम क्लार्क, सातारचा, जिभेला हाड नाही. तांडेल मामा शिपाई, इथलेच, दिवाळे गावचे कोळी. आणि टायपिस्ट मी.

* * *

आमच्या फॉर्ममध्ये आठवा प्रश्न मुख्य. 'जागेवर कोणते प्राणी राहतात?' हे अर्जदाराने लिहायचं, आणि खाली 'दुर्मिळ प्राणी आढळले काय?' हे आम्ही.

घणसोली गावातल्या एका घरमालकाने घरामागच्या जागेसाठी अर्ज केला. आठव्या प्रश्नापुढे स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, "चार भाडेकरू, एक कुत्रा."

साहेबांनी फॉर्म परत पाठवला. आठ दिवसांनी दुरुस्त होऊन आला. "तीन भाडेकरू. कुत्रा तोच."

* * *

पहिले काही महिने आमचं उत्तर एकजात 'नाही'. कदम म्हणाला, "बाई, रोज रोज काय टाइप करताय? स्टेन्सिलमध्येच घाला की!"

मलाही पटलं. स्टेन्सिल कापतानाच 'दुर्मिळ प्राणी आढळले काय?' याच्यापुढे 'नाही' कापलं आणि सायक्लोस्टाइलवर भलामोठा गठ्ठा काढून ठेवला. साहेबांच्या लक्षात यायला तीन आठवडे लागले. रागावले नाहीत. चष्मा काढून एवढंच म्हणाले, "बाई, मग मला पगार कशाचा देतात?"

कागद फुकट जाऊ नये म्हणून पुढेही आम्ही तोच गठ्ठा वापरत राहिलो. सरकारी काटकसर!

* * *

आता कदमचं घुबड. पाहणीसाठी आम्हाला जीप मिळायची ती मंगळवारी, अकरा ते एक. बाकीचे दिवस ती दुसऱ्या खात्यांची. त्यामुळे आमच्या हद्दीतल्या समस्त प्राणिमात्रांनी दिसायचं ते मंगळवारी, अकरा ते एक.

तळवलीच्या एका जुन्या चिंचेवर घुबडं आहेत, असं कुणीतरी कळवलं. साहेब आणि कदम गेले. भर बारा वाजता दोघं माना वर करून चिंचेखाली उभे. तिथली एक म्हातारी बराच वेळ बघत होती. शेवटी म्हणाली, "घुबड काय तुमचे हापिसान कामाला हाय, दुपारचा भेटाला?"

साहेबांनी शेरा लिहिला, "दुपारी बारा वाजता घुबड आढळले नाही." खोटं त्यात काहीच नव्हतं.

* * *

तांडेल मामांचं एकाच जनावराशी वैर होतं. पाणमांजर! दिवाळ्याच्या बाजूला खारफुटीत खाडीचा एक फाटा शिरतो, तिथे यांचं कुटुंब राहायचं. मामांचा भाऊ त्याच फाट्यात होडी बांधायचा आणि जाळी लावायचा. पाणमांजरं जाळं फाडून आतली मासळी खायची. दर दोन-तीन आठवड्यांनी मामा फाटकं जाळं पिशवीत घालून माझ्या टेबलाशी हजर.

"बाय, अर्ज लिव. जालं फारलं बघ मेल्यांनी!"

पहिल्यांदा साहेबांनी ऐकलं तेव्हा ते खुर्चीतून उठलेच. "पाणमांजर? मामा, अहो ते दुर्मिळ आहे! कायद्यानं त्याला संरक्षण आहे."

मामा शांतपणे म्हणाले, "मंग माझे जाल्याला कोन संरक्षन देल?"

साहेब परत बसले.

मी अर्ज टाइप करायची. मामांना तपशील लागायचा. कुठल्या दिवशी, कुठल्या वळणाला, मोठी किती, पिल्लं किती, सगळं. शेवट ठरलेला, "तरी सदर पाणमांजरांचा कायमचा बंदोबस्त करावा ही विनंती." कदम आवकचा शिक्का मारायचा, नंबर टाकायचा आणि खालच्या खणात 'किरकोळ' नावाच्या फायलीत ढकलून द्यायचा. तीन वर्षं हा कार्यक्रम चालला होता.

* * *

मग एका बुधवारी भरावाची फाइल आली. नकाशा मामांनी टेबलावर ठेवता ठेवताच ओळखला. गोडाऊनसाठी तोच फाटा बुजवायचा होता.

"साहेब, यान होऱ्या कंच्या रकान्यान लिवाच्या?"

होड्यांना रकाना नव्हता. माणसांनाही नव्हता. कदम नेहमीच्या सवयीने बोलून गेला, "मामा, होडीला शेपूट नाही ना!" आणि मामांचा चेहरा बघून आवकचं रजिस्टर चाळू लागला. फाटा बुजला तर भावाची होडी आणि गावातल्या आणखी आठ-दहा होड्या बांधायला जागा नव्हती. भाऊ होडी विकून गवंड्यांच्या हाताखाली जाणार होता, हे मामांनी मला जिन्यात सांगितलं.

साहेबांना रात्रंदिवस तोच घोर. पण त्यांचे हात नियमाने बांधलेले. पाणमांजर प्रत्यक्ष दिसलं पाहिजे, नाहीतर लेखी पुरावा हवा. बुधवारी आलेल्या फायलीचा सातवा दिवस मंगळवार. जीप त्याच दिवशी, अकरा ते एक.

मंगळवारी मामा सकाळीच एक टोपली ताजी मासळी, बोईटं, घेऊन फाट्यावर गेले आणि चिखलाच्या कडेला ओळीने मांडून आले. ज्यांना तीन वर्षं शिव्या दिल्या त्यांना हा पाहुणचार! अर्जदाराचा माणूस साहेबांच्या डोक्यावर छत्री धरून उभा होता. अकराचे बारा झाले, साडेबारा झाले. एक बगळा आला. त्याने सावकाश, एकेक करून, सगळी बोईटं खाल्ली.

छत्रीवाला अदबीने म्हणाला, "साहेब, बगळा दुर्मिळ नाही ना?"

* * *

दुपारी मंडळी परत आली. छत्रीवालाही शेरा न्यायला मागोमाग आला. मामा स्टुलावर बसले. त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. मामांना असं बसलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं आणि त्या छापील 'नाही'ची लाज वाटली. माझ्याच हातचं ते.

फॉर्म काढायला मी कपाटाशी वाकले आणि खालच्या खणात ती 'किरकोळ' फाइल दिसली.

मी ती उचलून साहेबांसमोर ठेवली. साहेब एकेक अर्ज वाचू लागले. तारीख, जागा, "दोन मोठी, तीन पिल्लं". पुन्हा तारीख, जागा. प्रत्येकावर आमच्याच कक्षाचा शिक्का, आवक नंबरासकट.

"कदम, हा तर तीन वर्षांचा अभ्यास आहे हो!"

छत्रीवाला वाकून बघत होता. "पण साहेब, हे तर पाणमांजरांचा बंदोबस्त करा म्हणून अर्ज आहेत!"

"बरोबर आहे," साहेब म्हणाले. "नसलेल्या जनावराचा बंदोबस्त कोण मागतं?"

त्यांनी पेन काढलं, छापील 'नाही' खोडलं, वर 'होय' लिहिलं, बाजूला सही केली. साडेचार वाजले होते. अर्ध्या तासात वरून फोन आला. आवाज आम्हालाही ऐकू येत होता, "जलद छाननी म्हणजे जलद परवानगी, एवढं कळत नाही?"

साहेब म्हणाले, "सर, जलदच केलं आहे. मुदतीच्या आत."

भराव दुसरीकडे गेला. पुढच्या यादीत साहेबांची बदली चंद्रपूरला झाली. शिक्षा होती ती, पण साहेब वाघ बघायला मिळतील म्हणून खूश होऊन गेले!

* * *

त्यानंतर महिनाभराने मामा पिशवी घेऊन माझ्या टेबलाशी आले. या वेळी जाळ्याला डोकं आत जाईल एवढं भोक होतं. मी मशीनला कागद लावला. दिवस, वळण, मोठी दोन, पिल्लं चार, सगळं टाइप झालं. शेवटचं वाक्य मला पाठच होतं. मी 'तरी सदर' एवढं टाइप केलं, तोच मामांनी कागदावर हात ठेवला.

"ते नको, बाय."

"मग काय लिहू?"

"जालं फारलं, एवरंच लिव." ते कदमकडे वळले. "न् तू रं, शिक्का जरा नीट मार. तारीख वाचाला ये पायजे."