खंडित अथेना

चाळीसेक वर्षं झाली, तरी ते प्रकरण डोक्यातून जात नाही. पेन्सिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात मी पोलीस डिटेक्टिव्ह होतो. अख्ख्या अमेरिकेत मराठीत उलटतपासणी करणारा पोलीस मी एकटाच, असं मीच सगळ्यांना सांगत असे.

एका सकाळी फोनवर खबर आली : अपार्टमेंटमधून कुणीतरी कापडात गुंडाळून मुंडकं नेलं. कापड सरकलं तेव्हा शेजारणीला डोळे-ओठ दिसले होते. आमच्या चीफच्या हातातला डोनट जमिनीवर पडायच्या आत मी गाडीत होतो.

घरात एक मराठी विद्यार्थी आणि पुण्याहून आलेली त्याची आई. पोराकडून कळलं : मुंडकं संगमरवरी होतं, ग्रीसमधल्या एका पडक्या देवळावरच्या अथेना देवीचं. प्रोफेसरांनी थीसिसची चित्रं काढायला विश्वासानं घरी दिलेलं. आता फडताळ रिकामं.

पोराला त्याचे कायदेशीर हक्क वाचून दाखवले. "कुणाला विकलंस?" चीफ शेजारी असल्यानं मी इंग्रजीत दरडावलं.

"नाही हो काका," तो घाबरून मराठीत आला. "सरांना कळलं तर अ‍ॅडमिशन कॅन्सल. व्हिसा पण गेला."

चोर दाराकडे बघतो. हा फडताळाकडेच बघत होता. पण चीफनं खिशातून बेड्या बाहेर काढल्या. एवढ्यात आई चहा घेऊन आली. आणि मला फडताळावर कुंकू लावलेले तांदूळ दिसले.

"काकू, देवीचं नाक फुटलेलं होतं का?" मी मराठीत विचारलं.

"नाकच काय, कानही. खंडित मूर्ती घरात ठेवतात का? म्हणून तर याचा थीसिस अडलाय. दहीभाताचा नैवेद्य दाखवला नि मागच्या ओढ्यात विसर्जन केलं."

पोरगा आईकडे वळला. "आई, मला सांगायचं तरी."

"तू नको म्हणाला असतास."

बर्फ वितळून ओढा फुगलेला. मी बुटांसकट उतरलो. माझे दात पुढे आठवडाभर वाजत होते. शेवटी दोन दगडांत देवी पालथी सापडली. नवा टवका एकही नाही. चीफनं बेड्या खिशात टाकल्या.

देवी घेऊन दाराशी आलो, तर काकू आडव्या उभ्या. "साहेब, आत नको." मग प्रोफेसर येईपर्यंत अथेना पोलीस गाडीत, पट्टा लावून.

चहा येईपर्यंत माझे सगळे प्रश्न इंग्रजीत चालले होते. जिला सगळं ठाऊक होतं, तिला एवढंच कळत होतं की पोलीस पोराला न्यायला आलेत. त्यानंतर कुठल्याही घरात शिरलो की मी चहा करणाऱ्या माणसाशी आधी बोलू लागलो.