गरम खोलीतली मादी

तळेगावच्या एका प्रयोगशाळेत मी तीन वर्षं उंदरांवर काम केलं. गाभण मादीच्या रक्तातली साखर वाढली आणि भोवतीची हवाही तापलेली असली, तर पोटातल्या पिलांची वाढ कशी होते, हे आम्ही पाहत होतो. साखर इंजेक्शनने वाढवायची, हवा तापवायला एक गरम खोली होती. अकराव्या दिवशी मादीची मान मोडायची, पोट उघडायचं आणि तांदळाएवढे गर्भ सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचे. कित्येकांचं डोकं वरून मिटलेलंच नसे, उघडं राहिलेलं असे. मान मोडायला मी महिनाभरात शिकलो.

काही माद्या मात्र विईपर्यंत ठेवायच्या. त्यातली एक सकाळी गरम खोलीत व्याली. मी पोचलो तेव्हा ती एका पिलाचं डोकं खात होती. भुशात नुसती धडं पडली होती. दोन पिलं अजून वळवळत होती. ती काढायला मी हातमोजे न घालताच हात घातला. तिने बोटात दात रोवले, थेट हाडापर्यंत. झटकलं तरी सुटेना. दुसऱ्या हाताने ओढून काढली आणि भिंतीवर आपटली. एकदा पुरे होतं. मी तीनदा आपटली.

पिंजरे धुणाऱ्या, सुदुंबरे गावच्या मावशी दारात उभ्या होत्या.

"पयल्यालाच मेली व्हती ती," त्या म्हणाल्या. "मग परत कशापायी?"

"चावली मला, मावशी."

"लय उकडतंय हितं. ती कुटं जानार व्हती?"

माझं रक्त फरशीवर ठिबकत होतं.

एक पिलू तोवर गेलं. दुसरं मावशींनी गार खोलीतल्या एका लेकुरवाळ्या मादीच्या भुशात घोळवलं आणि तिच्या पिलांत सोडलं. तिने ते हुंगलं, ओढून पोटाखाली घेतलं.

प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले, "नोंदीत फक्त 'मृत' लिहा." मी 'माझ्या हातून' एवढं पुढे जोडलं. त्यांनी ते वाचलं आणि खाली सही केली.

ते पिलू जगलं. पण प्रयोगातला एकही प्राणी जिवंत मागे ठेवायचा नाही, असा नियम होता. एकविसाव्या दिवशी ते माझ्या तळहातावर बसून मिशा साफ करत होतं. मावशींनी ते पाहिलं आणि बादली उचलून त्या बाहेर गेल्या. मी अंगठा मानेवर ठेवला आणि दाबला.

पुढच्या महिन्यात मी ती नोकरी सोडली.