माणूस बसलं की विझणारा दिवा

कर्जतच्या चारफाट्यापासून थोडं पुढे, करंजाच्या झाडाखाली पत्र्याची एक टपरी आहे. तिथे जुन्या मोटारसायकलींच्या वायरिंगचं काम होतं. टपरी शुक्राची. काम करते ती त्याची बायको जना.

शुक्रा कोंडाण्याच्या वरच्या ठाकूरवाडीतला. तरुणपणी तो खोपोलीला एका गॅरेजात पडेल ते काम करायला लागला आणि बघता बघता तारांमध्ये रमला. इंजिन खोलणारे पुष्कळ होते. बंद पडलेला हॉर्न, मध्येच जाणारा इंडिकेटर, न लागणारा ब्रेकलाइट यांच्यामागे चिकाटीने लागणारा तो एकटाच. पुढे त्याने स्वतःची टपरी टाकली. चांगली चौदा-पंधरा वर्षं चालली. मग त्याच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला. डॉक्टरकडे जाईपर्यंत उशीर झालेला होता. आधी कडेचं दिसेना, मग तारांचे रंग एकमेकांत मिसळायला लागले.

जना तेव्हा दुपारी त्याची भाकरी घेऊन यायची. एकदा तार हातात धरून तो नुसताच बसलेला तिने पाहिला. ती म्हणाली, हिरव्यावर पिवळी रेघ आहे. त्याने तार जोडली. दुसऱ्या दिवशी भाकरी देऊन ती थांबली. तिसऱ्या दिवशी सकाळीच आली. आश्रमशाळेत सातवीपर्यंत शिकलेली होती, हात स्थिर होता. तो सांगायचा, ती करायची. टेस्टलॅम्प म्हणजे दोन तारा लावलेला एक साधा बल्ब. तो कुठे टेकवला की काय कळतं, हे तिला वर्षभरात पाठ झालं. शुक्राला नुसता उजेड-अंधार कळायला लागला तेव्हाही टपरी एक दिवस बंद राहिली नाही. गिऱ्हाईक तक्रार शुक्राला सांगायचं, शुक्रा बाकड्यावर बसून दोष सांगायचा आणि जना खाली बसून तो काढायची. अशी सहा वर्षं गेली. दोष सांगण्यात त्याची चूक क्वचितच व्हायची.

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता पोशीरचा सदू आपली मोटारसायकल घेऊन आला. गाडी वीस वर्षांची, त्याच्या वडिलांच्या वेळची. आईच्या, अंबाबाईंच्या, पायाला साखरेमुळे जखम झाली होती आणि एक दिवसाआड तिला पट्टी बदलायला कर्जतला आणावं लागे. त्या वाटेवर नेरळच्या पुढे एक टेंपो मागून इतका जवळ आला होता, की अंबाबाईंचं पातळ त्याच्या बंपरला घासलं. टेंपोवाला खाली उतरून सदूलाच बोलला. ब्रेक मारतोस आणि मागे लाल दिवा लागत नाही, मला काय स्वप्न पडणार का, म्हणाला. सदूने आईला बाजूला उतरवून तिथेच ब्रेक दाबून दाखवला. दिवा लागला. टेंपोवाला निघून गेला.

त्यानंतर आणखी दोघांनी सदूला तेच सांगितलं. त्याने नेरळला दोन ठिकाणी गाडी दाखवली. एकाने बल्ब बदलला, दुसऱ्याने मागच्या ब्रेकचा स्विच बदलला. दोघांकडेही दिवा नीट लागत होता, त्यामुळे बिघाड कशात आहे ते कोणालाच दिसलं नव्हतं.

शुक्राने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, अर्थिंग पकडत नसेल. जुन्या गाडीत बल्बच्या घराला गंज चढतो, करंट परत बॉडीला जात नाही. जनाने घर उघडलं, कानशीने घासून लख्ख केलं. चार दिवसांनी सदू परत आला. या वेळी शुक्राने पेडलाखालची स्प्रिंग बघायला सांगितली. ती थोडी ढिली होती, जनाने नवी लावली. आठवड्याने सदू पुन्हा दारात. आदल्या दिवशी एका स्कूटरवाल्याने मागून येऊन सांगितलं होतं.

शुक्रा म्हणाला, अर्थिंगच आहे, आणखी घास.

जना गाडीपाशी बसून राहिली. घासायला घेतलं नाही. तिच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. तिने सदूला विचारलं, टेंपोवाल्याने सांगितलं तेव्हा मागचा बारका लाल दिवा, हेडलाइटबरोबर लागतो तो, लागलेला होता का. संध्याकाळ होती, लागलेला होता, सदू म्हणाला. म्हणजे अर्थिंग ठीक होतं. दोन्ही दिव्यांचं अर्थिंग एकच. मग तिने विचारलं, ब्रेक कुठला दाबतोस, हाताचा की पायाचा. दोन्ही दाबतो, सदू म्हणाला. दोन्ही ब्रेकांचे स्विच वेगळे, ते एकाच वेळी बिघडणार नाहीत. दोघांच्या तारा पुढे एक होतात आणि ती एकच तार सीटखालून मागच्या दिव्याकडे जाते. दोष त्या एका तारेत असायला हवा होता. पण तिथे टेस्टलॅम्प लावला तर तो झक्क पेटत होता.

"लोकांनी सांगितलं त्या दर वेळी गाडीवर तुमी एकटे व्हते का?" तिने विचारलं.

सदूने आठवून पाहिलं. प्रत्येक वेळी आई मागे होती. आणि मेकॅनिककडे मात्र तो दर खेपेला एकटाच गेला होता; इथे येतानाही आईला दवाखान्याच्या बाकावर बसवून.

"मग आईला घेऊन या," जना म्हणाली.

शुक्रा हसला. म्हातारीने काय तार चावली का, म्हणाला. बाकड्यावर बसलेले एक-दोघेही हसले.  सदू मात्र दवाखान्यात गेला आणि पट्टी झाल्यावर अंबाबाईंना घेऊन आला.

अंबाबाई अंगाने भरलेल्या. पाय जपत त्या खाली उतरल्या, तेव्हा जनाने त्यांना पाणी दिलं आणि पुन्हा गाडीवर बसायला सांगितलं. गाडी मधल्या स्टँडवर लावली, सदूला पुढे बसवलं, ती स्वतः मागच्या दिव्यासमोर उकिडवी बसली.

सदूने ब्रेक दाबला. दिवा नाही लागला.

जनाने अंबाबाईंना हात देऊन उतरवलं. दिवा लागला. पुन्हा बसवलं. विझला. तिसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा अंबाबाई म्हणाल्या, "म्हंजे खोट माझ्यात हाय व्हय गं?"

"तुमच्यात नाय आई, सीटमधी हाय."

तिने सीट काढली. सीटच्या पत्र्याखाली चार रबरी गुटके असतात, त्यांतले मागचे दोन कधीच झिजून गळून पडलेले होते. मागे माणूस बसलं की पत्रा खाली यायचा आणि चौकटीवरून जाणाऱ्या तारांच्या जुडग्यावर टेकायचा. जुडग्यावरची टेप तिथे चपटी झाली होती. टेप सोडवली तर आतल्या हिरव्या-पिवळ्या तारेचं वरचं कवच शाबूत दिसत होतं. जनाने ती दोन बोटांत धरून वाकवली, तर एका जागी ती उगाच जास्त वाकली. तिथे कापलं. आतलं तांबं हिरवं पडून तुटलेलं होतं; दोन टोकं एकमेकांना नुसती टेकून होती. गाडी रिकामी असली की टेकायची, वजन आलं की सुटायची.

तिने खराब तुकडा काढून नवा जोडला, कथलाचा डाग दिला, वर नळी चढवली. जुडगं चौकटीच्या आतल्या बाजूला घेऊन बांधलं. जुन्या ट्यूबचे जाड तुकडे कापून सीटखाली लावले. अंबाबाई आणखी एकदा बसल्या. दिवा लागला. त्या बसल्या बसल्या दोनदा थोड्या हलल्या, तरी लागलेला राहिला. सदू बराच वेळ मागे वळून त्या दिव्याकडे पाहत होता. टेंपो घासला त्या दिवसापासून गाडी चालवताना त्याची मान अवघडलेली असायची, असं त्याने नंतर सांगितलं.

शुक्राने हात पुढे केला. जनाने कापलेला तुकडा त्याच्या तळव्यावर ठेवला. त्याने तो अंगठ्याखाली फिरवला, वाकवला, पुन्हा सरळ केला आणि खिशात टाकला. 

दुसऱ्या दिवशी तो टपरीवर आला नाही. डोकं दुखतंय म्हणाला. तिसऱ्या दिवशीही आला नाही. जना एकटी गेली. गिऱ्हाइकं सवयीने रिकाम्या बाकड्याकडे बघायची आणि मग तिच्याकडे वळून तक्रार सांगायची. तिने घरी जाऊन त्याला काही समजावलं नाही. चूक एका तारेची होती, आणि त्याला त्यात सांगण्यासारखं काही तिला दिसत नव्हतं. तिला वाईट वाटत होतं, पण एकटीने दिवसभर काम करून घरी येताना बरंही वाटत होतं. या दोन्ही गोष्टी ती मनात ठेवून होती.

नवव्या दिवशी ती भात वाढत असताना शुक्रा म्हणाला, "कवच फुटलेलं नव्हतं. डोळं असते तरी मला दिसलं नसतं."

"मलाबी नाय दिसलं," जना म्हणाली. "बोटाला कळलं."

तो जेवून उठला. हात धुऊन आला आणि म्हणाला, एखादं जुनं वायरिंग घरी आण.

तिने भंगारात टाकलेला एक अख्खा सेट आणला. सकाळी ओट्यावर बसून शुक्राने एकेक तार टोकापासून टोकापर्यंत बोटांतून काढली. जिथे शंका आली तिथे दोऱ्याची गाठ मारली. संध्याकाळी जनाने टेस्टलॅम्प लावून पाहिला. पाच गाठींपैकी चार ठिकाणी तार आतून तुटलेली निघाली. पाचवी नुसती ताठरलेली होती.

आता तो शुक्रवारी, बाजाराच्या दिवशी, टपरीवर येतो. एरवी घरीच असतो. ज्या गाडीचा दोष सापडत नाही तिचं जुडगं जना सोडवते आणि पिशवीत घालून घरी नेते. सकाळी ते गाठी मारून तयार असतं. कोणत्या गाडीत काय बिघाड आहे हे तो आता गिऱ्हाइकाला सांगत नाही. कोणी विचारलंच तर म्हणतो, तिला विचारा.

अंबाबाईंची जखम दिवाळीपर्यंत भरून आली. सदू त्या गाडीवरून आता भाताची पोती नेतो.