आप्पांचं रान

वडगावात आमच्या शेजारी एक आप्पा राहतात. साड्या विणायचा माग विकल्यावर रिकाम्या झालेल्या खोलीत त्यांनी फळीवर छोटी रेल्वे मांडली आहे, जंगलातली लाकडं वाहणारी. वीतभर झाडं ते स्वतः करतात. तुरीच्या काटकीला साड्यांचं उरलेलं हिरवं रेशीम गुंडाळायचं. एका झाडाला एक संध्याकाळ जाते. गाडी सुटली की कुणी बोललेलं त्यांना खपत नाही. "गप रं, गाडी चाललीया," म्हणतात. आपण चहाचा कप धरून बसायचं.

आणि दर खेपेला ते कात्रीनं एक झाड तोडतात, खोड गाडीवर लादतात, बुंधा तसाच ठेवतात. पहिल्यांदा मी कळवळलोच. "आप्पा, नुसत्या काटक्या लादा की!"

"व्हय, आन् त्या आल्या कुठनं म्हणायच्या?"

यंदा त्यांची बोटं थरथरायला लागली. नवं झाड काही होईना. गाडी मात्र रोज सुटायची.

परवा गेलो तर सगळीकडे बुंधे, आणि एकच झाड उभं. गाडी त्याच्याजवळ थांबलेली.

"गाडी सोडा की आप्पा."

ते इंजिन पुसत राहिले. "आज डायवर सुट्टीवर हाय रं."

मी चहाचा कप धरून गप्प बसलो, गाडी चालू असल्यासारखा.