काढू नये अशी चूक

बारामती एमआयडीसीत आमची कंपनी दूध संकलनाची यंत्रं बनवायची. गावातल्या डेअरीत कॅन आला की दूध मोजायचं, फॅट काढायची आणि चिठ्ठी छापायची, एवढंच त्या खोक्याचं काम. पण खोक्याच्या पोटात कंपनीची स्वतःची छोटी ऑपरेटिंग सिस्टीम होती आणि नव्वदच्या दशकातली काही वर्षं ती मी सांभाळली. टेंपररी म्हणून. दर सहा महिन्यांनी नवं पत्र मिळायचं. या खेपेची आवृत्ती नीट उतरली की कायम करू, असा शब्द मिळाला होता. लोणी भापकरला आईनं विहारात सगळ्या बायांना ते सांगूनही टाकलं होतं.

खोकं अडकलं की सर्व्हिसवाला यायचा. वायर लावून आपल्या पोर्टेबल कॉम्प्युटरवरून खोक्याला विचारायचा, कुठं अडकलास, मेमरीत काय आहे. या विचारण्या-सांगण्याच्या ठरलेल्या पद्धतीला पुस्तकात डीबगिंग इंटरफेस म्हणतात. आम्ही खिडकी म्हणायचो. तिची खोड अशी की आत बघायचं तर आख्खं खोकं थांबवावं लागे, आणि मग रांगेत कॅन घेऊन उभी असलेली माणसं सर्व्हिसवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. काम चालू असतानाच आत बघता येईल अशी नवी खिडकी हवी होती. ती मी केली. ते काही फार अवघड नव्हतं.

अवघड होती जुनी खिडकी. इंदापूरची बाजू आमचे आबा बघायचे. सर्व्हिसमधले सगळ्यात जुने. मोटारसायकलला पोर्टेबल बांधून भवानीनगरच्या पलीकडची गावं करायचे. त्यांनी आणि बाकीच्यांनीही जुन्या खिडकीच्या उत्तरांवर आपापले छोटे प्रोग्रॅम बेतले होते. अमुक ओळीतला तमुक आकडा उचलायचा आणि त्यावरून कुठला भाग बिघडलाय ते काढायचं. उत्तरातलं एक अक्षर इकडचं तिकडं झालं की हे सगळे प्रोग्रॅम आडवे.

त्यात एक जुनी चूक होती, माझ्या आधीच्या कुणीतरी करून ठेवलेली. प्रोग्रॅम कुठल्या जागी थांबला असं विचारलं की खिडकी नेहमी एक जागा पुढचं सांगायची. बाहेर फिरणाऱ्यांना ते पाठ होतं; सगळ्यांचे प्रोग्रॅम मुकाट एक वजा करत. मी ती चूक दुरुस्त केली असती, तर उत्तर बरोबर आलं असतं, त्यांच्या प्रोग्रॅमनं सवयीनं एक वजा केला असता आणि धडधाकट भाग उपटून नवा बसवला गेला असता. म्हणून नव्या खिडकीतून खरं उत्तर दिलं आणि जुनीत चूक तशीच राहू दिली. राहू दिली कसली? आतलं सगळं बदललं होतं, त्यामुळे ती मला मुद्दाम नव्यानं बनवावी लागली. वर शेराही लिहिला: ही चूक आहे, काढू नये, बाहेरचे प्रोग्रॅम हिच्या भरवशावर चालतात.

आवृत्ती गावोगाव गेली आणि काहीच झालं नाही. फोन नाही की तक्रार नाही. मला मनातल्या मनात उड्या माराव्याशा वाटत होत्या. शेजारच्या टेबलावरचा गडी दर आवृत्तीला काहीतरी मोडायचा, मग जीप घेऊन गावोगाव पळायचा आणि वार्षिक सभेत शाल-नारळ घेऊन घरी जायचा. तो कधीच कायम झाला होता. त्यावरून मला काही कळायला हवं होतं, पण तेव्हा चांगल्या कामावर माझी श्रद्धा होती.

मग पुण्याहून मोठे साहेब आले. कायम करायचं की नाही ते त्यांच्या हातात. त्यांनी माझा कोड पडद्यावर उघडला, सावकाश खाली आले आणि नेमके त्या शेऱ्यापाशी थांबले.

"ही चूक आहे हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो सर."

"आणि तरी काढली नाहीत?"

"मुद्दाम ठेवली."

मी सगळं समजावून सांगितलं, दोनदा. त्यांनी घड्याळ बघितलं. "म्हणजे आपण चुका सांभाळायला पगार देतो," ते म्हणाले.

मी म्हटलं, सर्व्हिसच्या माणसांना विचारा. आबा सुटे भाग न्यायला त्या दिवशी आलेच होते. माझं नशीबच, असं वाटलं मला.

आबा आत आले, टोपी सारखी केली. साहेबांनी विचारलं, "नव्या आवृत्तीनं तुमच्या कामात काय फरक पडला?"

आबांनी माझ्याकडे बघितलं. माझं भलं व्हावं असं त्या खोलीत फक्त त्यांनाच वाटत होतं.

"काय बी फरक न्हाय सायेब! माजा प्रोग्राम हाय तसा चालतोय. म्या तर नवं बसवलंय ह्येच इसरलो हुतो. लई ग्वाड काम क्येलंय ताईंनी."

या धंद्यात याहून मोठं कौतुक नसतं. माझे डोळे भरून आले.

"नवी खिडकी वापरता?"

"न्हाय बा. जुन्यावरच भागतंय की."

साहेबांनी हसून त्यांना जायला सांगितलं. मग माझ्याकडे वळले. "बघा. वापरणाऱ्याला तुमच्या कामाचा पत्ताच नाही, आणि चूक आहे तिथंच आहे. मी कशाच्या जोरावर कायम करू?"

इतकी वर्षं झाली, त्या माणसाचा राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

बाहेर आबा मोटारसायकलपाशी थांबले होते. "झालं न्हवं ताई? म्या चांगलं रेटून सांगितलंय. पेढं कवा?"

खरं सांगितलं असतं तर आपल्याच बोलण्यानं पोरीचं काम गेलं, हे त्यांना जन्मभर पुरलं असतं. मी म्हटलं, "देते आबा, थोडं थांबा."

पुढचं पत्र आलंच नाही. मुदत संपली त्या दिवशी मी स्टँडसमोरून पेढे घेतले आणि आबांना सांगितलं, कायम झाले, पुण्याच्या ऑफिसात घेतलंय. संध्याकाळच्या एसटीनं मी लोणी भापकरला निघणार होते, विहारातल्या बायांना तोंड दाखवायला.

आबांनी दोन पेढे उचलले. एक तोंडात टाकला, एक नातीसाठी रुमालात बांधला.

"बगा," ते म्हणाले, "सायबानं माजा शब्द राखला."