शेवटचं गाणं महादेवप्पाचं

महादेवप्पा आमच्या कॉलनीचा चावीवाला. म्हणजे कोपऱ्यावरच्या खड्ड्यात लांब लोखंडी चावी घालून नळाला पाणी सोडणारा. आमच्याकडे पाणी पाचव्या दिवशी येतं, त्यामुळे नगरसेवकाला कुणी विचारत नाही, पण चावीवाल्याला रस्ता ओलांडून नमस्कार! चावी फिरवताना हा माणूस गायचा. आणि काय गायचा हो! पिंपं भरणाऱ्या बायका हातातली कळशी तशीच धरून उभ्या राहायच्या.

निवृत्त मुख्याध्यापिका सरोजिनीबाईंनी कॉलनीचा गायनवृंद काढला आणि पाण्यावरच्या गाण्यांचा कार्यक्रम ठरवला. आम्ही चौदा जणं, त्यातली सुरात दोनच. दुसरी मी, असं मी म्हणते. महादेवप्पालाही घेतलं. "आवाजासाठी हं," असं बाई न विचारता दहादा सांगायच्या. आपल्या गल्लीला दहा मिनिटं जास्त पाणी मिळेल ही आशा त्यांना होतीच. मलाही होती, खोटं कशाला बोलू? पण मेला एक मिनिट जास्त देईल तर शपथ!

शेवटचं गाणं त्याला एकट्याला दिलं. गावी, वळसंगला, विहिरीवर आईकडून शिकलेलं. सव्वीस वर्षं खड्ड्यात वाकून गायलेल्या माणसाला पहिल्यांदा समोर माणसं मिळणार होती. त्याने नवा पांढरा शर्ट शिवला. मला म्हणाला, "बाई, एकदा कुणीतरी बसून ऐकावं, एवढंच हाय बघा."

आणि माशी शिंकली. मोठी पाइपलाइन फुटली, पाण्याची पाळी एक दिवस पुढे गेली, ती नेमकी कार्यक्रमाच्या संध्याकाळी सहाला.

"अहो, तासभर उशिरा सोडा ना. कोण विचारतंय?" सरोजिनीबाई म्हणाल्या.

"न्हाय जमायचं ओ. लोकं वाट बघत बसत्यात की. आमची काशम्मा बी पिंप धुऊन बसलीय." म्हणजे बायकोसुद्धा येणार नव्हती.

समाजमंदिर गच्च भरलं. पाहुणे 'पाणी वाचवा'वर पंचवीस मिनिटं बोलले, बाटलीतले दोन घोट प्यायले आणि उरलेली तशीच टाकून गेले. आम्ही नदीला आई म्हटलं, थेंबाला मोती म्हटलं, टाळ्या घेतल्या. पावणेसहाला महादेवप्पा नव्या शर्टाच्या बाह्या दुमडून, चावी खांद्यावर टाकून बाहेर पडला. सहाला पहिला फोन वाजला, "नळ आला!" मग काय विचारता! खुर्च्या आडव्या, चपलांची अदलाबदल. सरोजिनीबाई पदर खोचून सगळ्यांच्या पुढे. तबला वाजवणारा आशिष डग्गा काखेत मारून पळाला.

दारात महादेवप्पा भेटला, पाणी सोडून गाण्यासाठी परत आलेला, गुडघ्यापर्यंत भिजलेला. मी म्हटलं, "मोटर लावून आलेच हं, सुरू नका करू." आणि गेले ती गेलेच. टाकी रिकामी होती हो!

पाचव्या दिवशी तो कोपऱ्यावर दिसला. गात नव्हता. मला ओशाळल्यासारखं झालं, म्हणून तोंड भरून कौतुक केलं, "काय गायलात त्या दिवशी! सगळे नाव काढत होते."

त्याने चावी खड्ड्यात बसवली.

"गायलो न्हाय ओ बाई. तुमी येते म्हणलात, म्हणून साडेसातपर्यंत थांबलो. मग खुर्च्या उचलून ठेवल्या नि गेलो घरी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने घड्याळ बघितलं, चावी फिरवली. आमच्या नळाला पाणी अगदी वेळेवर आलं.